जुनी करवत : घ्यावी की नाही?

गाळप हंगाम उरकला आणि उसाचे बिल हाती पडले, की गावोगाव लाकूडकामाला जोर येतो. कुणाच्या घराच्या दारे-खिडक्या निघतात, कुणाला गाडीची साटी दुरुस्त करायची असते, कुणाला औजारांचे दांडे हवे असतात. अशा वेळी सुतारकाम शिकलेल्या एखाद्या सभासदाच्या मुलाच्या मनात येते, की विजेवर चालणारी टेबलाची गोल करवत आपल्याकडे असावी. नवी घ्यायला हात आखडतो. मग जळगावच्या किंवा धुळ्याजवळच्या अवधानच्या औद्योगिक वसाहतीत एखादे शेड बंद झाले, की तिथल्या जुन्या मशीनची बातमी गावात येते. सांगणारा सांगतो, "सस्तामा भेटी ऱ्हायनं, ली ल्या!"

घ्यावी की नाही, हे सभासद बंधू आम्हांस वारंवार विचारतात. म्हणून आमचे मत येथे स्पष्टपणे मांडतो. जुनी आहे एवढ्यावरून करवत टाकाऊ ठरत नाही. पण जिच्या पात्यावर जाळी नाही, पात्यामागे पट्टी नाही, आणि ती बसवून देण्याची किंवा बसवून घेण्याची तयारी नाही, ती करवत फुकट मिळाली तरी घरात आणू नये. बाकी सगळा हिशोब यानंतरचा.

आधी लोखंडाचे बोलू. जुन्या करवतीचे टेबल पुष्कळदा जाड बिडाचे असते. बीड वजनदार असल्याने मशीन थरथरत नाही, आणि नीट ठेवले तर पिढीभर टिकते. आजच्या पातळ पत्र्याच्या मशीनपेक्षा असे जुने मशीन सरस निघू शकते. मात्र बीड ठिसूळ असते. टेबलाला तडा गेला आहे का, कुठे वेल्डिंग करून वर रंग फासला आहे का, हे खालून बॅटरी मारून बघावे. नवा रंग दिसला की शंका घ्यावी. सरळ पोलादी पट्टी टेबलावर आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून उजेड किती दिसतो ते पाहावे. टेबल वाकडे तर काप वाकडा, त्याला दुसरा इलाज नाही.

मग पाते जिच्यावर बसते ती शाफ्ट. प्रथम विजेची पिन काढून ठेवावी. पाते धरून वर-खाली हलवावे. खडखड लागली तर बेअरिंग गेले. नुसते बेअरिंग गेले असेल तर घाबरू नये, ते बाजारात मिळते. पण बेअरिंगची बैठकच झिजली असेल तर शाफ्ट टर्नरकडे न्यावी लागते, आणि खर्च वाढतो. पात्याच्या एका दाताला खडूने खूण करावी. तो दात पुढे असताना टेबलाच्या खाचेपासून त्याचे अंतर मोजावे. मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही मापे जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर पाते खाचेला समांतर नाही. बोल्ट ढिले करून ते सरळ होते का, हे तिथेच करून दाखवायला सांगावे. पाते वर-खाली करायचा आणि तिरपे करायचा दांडा पूर्ण फिरवून पाहावा. काप सरळ ठेवणारी आडपट्टी घट्ट बसते का आणि घट्ट केल्यावर सरकते का, तेही पाहावे.

एवढे झाले की मशीन चालवून दाखवायला सांगावे. "लाइट नाही, पण मशीन एकदम ओके आहे" असे म्हणणाऱ्याला "लाइट आल्यावर येतो" म्हणून निघावे. दोन मिनिटे मोकळे फिरवून काही कळत नाही. वीस मिनिटे लाकूड कापत चालवावे, मग मोटरवर हात ठेवावा. चटका बसला किंवा जळका वास आला तर वायंडिंगचा खर्च धरावा. पात्यापासून लांब, टेबलाच्या कोपऱ्यावर पाच रुपयांचे जाड नाणे उभे करून बघावे. मशीन चालू असताना ते उभे राहिले तर समाधान मानावे. दर वेळी पडले तर पट्टा, पुली, बेअरिंग यांपैकी कुठेतरी दोष आहे. आपल्या ओळखीचा फिटर किंवा टर्नर असेल तर त्याला एक दिवस सोबत न्यावे. त्याची एक दिवसाची मजुरी ही या व्यवहारातली सगळ्यांत स्वस्त बाब आहे.

आता जाळी आणि पट्टीकडे वळू. जाळी म्हणजे पात्यावरचे झाकण. पट्टी म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पातळ पोलादी पट्टी. चिरलेल्या लाकडाची फट मागे मिटू लागते आणि लाकूड पात्याला आवळते. मग पाते ते लाकूड उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेकते आणि हात पात्याकडे ओढला जातो. पट्टी ती फट मिटू देत नाही. वेगाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : १२ इंची पाते मिनिटाला २,८८० फेरे फिरले, तर त्याचा दात तासाला सुमारे १६५ किलोमीटर वेगाने धावतो. माणसाला हात मागे घ्यायला तेवढा वेळच मिळत नाही. अमेरिकेत दुकानातून नवी, झाकणासह करवत घेणारे पुष्कळ आहेत. तरी तेथील सरकारी आयोगाच्या अंदाजाप्रमाणे टेबल-करवतीच्या पात्याने वर्षाला सुमारे ३० हजार माणसे दवाखान्यात जातात. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण सक्तीचे केले, आणि त्याखालील नियमांत गोल करवतीला झाकण, मागची पट्टी व लाकूड ढकलायची काठी असावी असे घालून दिले. गावातल्या दोन माणसांच्या दुकानात तपासणीला कुणी येत नाही. तिथे नियम आपला आपणच पाळायचा असतो.

जुन्या मशीनला जाळी बहुधा नसते. "कामात आडवी येते म्हणून काढली" असे उत्तर मिळते. ती शोधून आणायला सांगावी. नाहीतर चांगल्या वर्कशॉपमधून पट्टी-जाळी बनवून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. आमचा या बाबतीत एवढा हट्ट का, तर मशीन विकत घेतो बाप आणि चालवतो पोरगा किंवा रोजंदारीवरचा माणूस. पैसे वाचतात एकाचे आणि बोटे जातात दुसऱ्याची.

दुसरा धोका आपल्या भागातल्या विजेचा. काम चालू असताना लाइट जाते. माणूस अडकलेले लाकूड काढायला हात घालतो, तेवढ्यात लाइट येते. साधा खटका असेल तर मशीन आपोआप सुरू होते. म्हणून पंपाला असतो तसा, हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर बसवावा. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवे बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. विहिरीवरच्या पंपाला आपण हौसेने 'ऑटो' बसवतो, म्हणजे लाइट आली की पंप आपला आपण चालू. करवतीला ऑटो कदापि बसवू नये. रात्रीच्या पाण्यासाठी जी सोय, ती येथे घात करील.

विजेवरून आणखी एक. तीन फेज आहे म्हणून शेतीपंपाच्या जोडणीवर करवत चालवण्याचा मोह होतो. जोडणी ज्या कामासाठी मंजूर आहे त्याखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि चढ्या दराने आकारणी होते. स्वतंत्र जोडणीचा खर्च मशीनच्या किमतीत धरलाच पाहिजे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांतील सभासदांनी वनखात्याचे नियमही ध्यानात घ्यावेत. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर सॉ मिलवर कडक निर्बंध आले. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, गोल लाकूड न वापरता कायदेशीर मार्गाने घेतलेल्या चिरलेल्या लाकडावर काम करणाऱ्या आणि ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी गोल करवत नसलेल्या उद्योगाला परवान्यातून सूट दिली आहे. आता १२ इंच म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, हे लक्षात घ्या! शेड मालकाने "बारा इंची आहे" म्हटले, तर पाते स्वतः मोजावे आणि पैसे देण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. १० इंची पाते घरगुती व गावकामाला पुष्कळ होते. बांधावरच्या बाभळीचा ओंडका या टेबलावर चिरायचा विचार तर सोडूनच द्यावा. कायद्याला तो सॉ मिलचा धंदा दिसेल, आणि गोल ओंडका टेबलावर घरंगळतो, हे सुताराला आम्ही सांगायला नको.

आता हिशोब. समजा विकणारा २० हजार रुपये सांगतो. बेअरिंग, पट्टा, नवे पाते, जाळी-पट्टी, स्टार्टर आणि टेम्पोभाडे मिळून १२ हजार झाले. म्हणजे करवत ३२ हजारांना पडली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते की काय, हे या आकड्यावरून कळते. नव्या मशीनची किंमत दुकानात विचारून दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. पाच वर्षे धरली तर वर्षाला ६,४०० रुपये. वर्षात ४० दिवस काम असेल तर दिवसाला १६० रुपये पडले; सौदा बरा. आठच दिवस काम असेल तर दिवसाला ८०० रुपये पडले. त्यापेक्षा लाकूड गाडीत घालून तालुक्याच्या दुकानातून चिरून आणलेले परवडते. वीज आणि पात्याला धार हे वेगळेच.

ज्याचे पोट सुतारकामावर आहे, त्याने जुन्याच्या मागे लागण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये सुतारही आहे. तिच्यात औजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. हे जमले तर झाकणासह नवे मशीन आवाक्यात येऊ शकते.

एकट्याला परवडत नसेल तर तिघा-चौघांनी मिळून घ्यावे. एकत्र येण्याची सवय आपल्याला आहे. पण "सगळ्यांचे मशीन" म्हणजे कुणाचेच नाही, हाही अनुभव आपलाच आहे. म्हणून जागा एकाची, किल्ली एकाकडे, चालवणारा शिकलेला, आणि कुणी किती तास वापरले याची वही, एवढे आधी ठरवावे.

शेवटची गोष्ट कागदाची. बंद पडलेल्या शेडमधले मशीन बँकेकडे तारण असू शकते. मालकाला तसे स्पष्ट विचारावे, आणि मशीन तारणमुक्त असल्याचे लिहून, सहीनिशी पावती घ्यावी. मोटरच्या पट्टीवरचा नंबर पावतीत उतरवावा. पावती द्यायला का-कू करणाऱ्याशी व्यवहार करू नये.

सारांश, टेबल सरळ, शाफ्ट घट्ट, मोटर थंड, कागद स्वच्छ आणि वर्षभरात पुरेसे काम, ही पाचही उत्तरे होकारार्थी आली तर जुनी करवत अवश्य घ्यावी. तिची लाज बाळगायचे कारण नाही. मात्र ती घरी आल्यावर पहिला काप घेण्यापूर्वी जाळी आणि पट्टी बसलेली असली पाहिजे. घासाघीस किमतीत खुशाल करावी. या दोन वस्तूंत एक पैशाचीही काटकसर सभासदांनी करू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.