मगरीची चरबी, नदीची प्रकृती

दिवाळीच्या सुटीत नातीला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. मगरीच्या हौदाशी गर्दी होती, पण मगर काही केल्या हलेना. ‘आजोबा, ही खरी आहे की प्लास्टिकची?’ नातीने विचारले. शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, ‘खाऊनपिऊन कशी सुखी आहे बघा!’ मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. लठ्ठ म्हणजे सुखी, ही समजूत माणसांच्या बाबतीत आपण केव्हाच सोडली. मग मगरीच्या बाबतीत ती का धरून ठेवावी?

मगर हा थंड रक्ताचा प्राणी. अंग ऊबदार ठेवण्यासाठी तिला अन्न जाळावे लागत नाही. एकदा पोटभर खाल्ले की ती आठवडेच्या आठवडे, प्रसंगी काही महिनेही उपाशी राहते. त्या दिवसांची शिदोरी ती शेपटीत आणि पोटातल्या चरबीच्या गोळ्यात बांधून ठेवते. हौदातल्या मगरीवर ही शिदोरी सोडण्याची वेळच येत नाही. नेमाने मांस मिळते आणि हिंडायला जागा नसते. साहजिकच ती सुटते.

पण चरबी किती, यापेक्षा ती कशी, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात, ऑलिफंट्स नदीच्या घळीत, २००८ च्या हिवाळ्यात दीडशेहून अधिक नाईल मगरी मेल्या. शवविच्छेदनात त्यांची चरबी पिवळट आणि कडक झालेली आढळली. या रोगाला पॅनस्टिॲटायटिस म्हणतात. सोप्या शब्दांत, अंगभर चरबीचा दाह.

दिवाळीचा चिवडा फार दिवस राहिला की खवट होतो. तसेच काहीसे येथे घडते. माशांचे तेल हवेतल्या प्राणवायूने लवकर बिघडते. शिळे मासे खाण्यात आले की शरीरातले ई जीवनसत्त्व त्या बिघाडाशी झुंजण्यात संपते आणि मगरीची स्वतःची चरबीच नासू लागते. पाळीव मगरींना शिळे मासे घातले तर हा रोग होतो, हे जाणकारांना आधीपासून ठाऊक होते. मग वाहत्या नदीतल्या मगरींना तो का व्हावा?

या नदीच्या वरच्या अंगाला कोळशाच्या खाणी, वीजकेंद्रे आणि शेती आहे. खालच्या अंगाला मोझांबिकचे मासिंगिर धरण आहे. त्याचे पाणी घळीपर्यंत तुंबले आणि वाहती नदी संथ झाली. यातल्या कशाचा दोष किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण तिथल्या मागूर जातीच्या माशांतही तीच पिवळी चरबी सापडली. म्हणजे दुखणे एकट्या मगरीचे नव्हते, नदीचे होते.

आपल्याकडे सांगलीच्या कृष्णेत आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत. त्या दिसल्या की आपण भितो किंवा त्या किती आहेत ते मोजतो. माझे म्हणणे एवढेच, की मोजणी पुरेशी नाही. मेलेली मगर घाईने पुरण्याआधी तिची चरबी तपासली जावी. मगर जे मासे खाते, ते आपल्याही ताटात येतात.

नातीला आता सांगणार आहे: बाळ, मगर खरीच होती. ती सुखी होती की नाही, हे मात्र तिच्या आकारावरून ठरवायचे नसते.