हेपेटायटिस बी: ‘अनफिट’च्या शिक्क्यानंतर इलाजाचं काय?

आखाती देशांच्या व्हिसासाठी मेडिकल करताना हेपेटायटिस बी तपासला जातो. पॉझिटिव्ह आला की ‘अनफिट’. मग घरात चर्चा होते ती हातची गेलेली नोकरी, एजंटचे पैसे आणि रिश्ता जुळेल का याची. लिव्हरचं काय, हे मात्र मागेच राहतं. खरा धोका इथंच आहे.

हा विषाणू वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता यकृतात राहू शकतो. काहींना पुढे सिरॉसिस किंवा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २५ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे. त्यातले सुमारे ३ कोटी भारतात. जगभरात निदान फक्त १३ टक्के रुग्णांचं झालंय आणि औषध जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत पोहोचलंय.

मार्च २०२४ मध्ये संघटनेने उपचाराच्या शिफारशी बदलल्या. सिरॉसिस नसेल, तर आधी साधारण तिशी ओलांडलेली, एएलटी वाढलेलं आणि रक्तात विषाणूचं प्रमाण २०,००० च्या वर असेल तेव्हाच औषधाची शिफारस होती. आता वय १२ वर आणि विषाणूची मर्यादा २,००० वर आली आहे. एएलटी वाढलेलं असण्याची अट कायम आहे. घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर झालेला असेल किंवा रुग्णाला डायबिटीस असेल, तरीही औषधाचा विचार करायला सांगितलंय. म्हणजे ‘सध्या काही करायची गरज नाही’ असं पूर्वी ऐकलेल्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवं.

टेनोफोव्हिरची गोळी विषाणू दाबून ठेवते, मुळापासून काढत नाही. म्हणून मनाने बंद करू नये. कायमच्या इलाजावर संशोधन चालू आहे. बेपिरोव्हिरसेन या इंजेक्शनच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ आठवड्यांच्या उपचारानंतर ९ ते १० टक्के रुग्णांत विषाणूची खूण दिसेनाशी झाली. उमेद आहे, पण त्यासाठी आजची गोळी टाळणं शहाणपणाचं नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरावीक सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषध मोफत आहे.

एका थाळीत जेवल्याने, गळाभेटीने हा आजार पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. म्हणून जोडीदाराची तपासणी आणि लस, गरोदरपणात टेस्ट आणि बाळाला २४ तासांच्या आत पहिला डोस, हे चुकवू नका. खतना, हिजामा, नाक-कान टोचणं यांत ब्लेड आणि सुई नवीच हवी.

लस घेतली असेल तर निकाह अडण्याचं कारण नाही. लपवाछपवी मात्र दोन्ही घरांना महाग पडते.