जुनी मोटार: व्यापाऱ्याकडून की मालकाकडून?

सिहोऱ्याहून जबलपूर सुमारे ४० किलोमीटर. घरातील आजारी माणसाला रात्री-अपरात्री तेथील रुग्णालयात न्यावे लागले, म्हणजे आपली स्वतःची मोटार असावी असे कुटुंबाला वाटू लागते. नवी परवडत नाही. मग जुनीचा शोध सुरू होतो. अशा वेळी दोन वाटा समोर असतात. जबलपुरातील व्यापाऱ्याकडे जावे, की ओळखीच्या मालकाशी परस्पर सौदा करावा?

व्यापारी किंमत अधिक सांगतो, कारण तीत त्याचा नफा असतो. परंतु मोटारीत फसवणूक झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास परिवहन खात्याचे अधिकारपत्रही घ्यावे लागते. ते पाहावयास मागण्यात संकोच कसला?

खाजगी मालकाकडे किंमत बहुधा कमी पडते आणि मोटार कशी वापरली गेली हे त्याच्याच तोंडून कळते. मात्र तो व्यापारी नव्हे. म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग येथे सहसा उपयोगी पडत नाही. तेव्हा सारी पारख पैसे मोजण्यापूर्वीच व्हावयास हवी. आपल्या विश्वासातील मेकॅनिकला सोबत न्यावे. इंजिन व चॅसिस यांचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. मोटारीवर कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याखेरीज व्यवहार करू नये. मोटार नागपूरची, म्हणजे परराज्यातील असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे.

वाट कोणतीही धरा. मोटारीबरोबर कागदावरील नावही बदलले पाहिजे. नमुना २९ व ३० भरून खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नावबदलाची सूचना द्यावी, आणि विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. विकणाऱ्यानेही येथे निष्काळजी राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिलेल्या एका खटल्यात मोटार अनेक हातांतून गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली.

ओळखीच्या माणसाकडे कागद कसे मागावेत, ही भीड आपल्याकडे मोठी आहे. परंतु कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. व्यवहार चोख असला, म्हणजेच ओळख टिकते.