गाडीच्या खोलीला दार कोणतं?

'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण वर्गात शिकवायला घेतली की दरवर्षी एक तरी मूल हमखास विचारतं, "बाई, बैल गेल्यावर मालक झोपला कशाला?" मग सांगावं लागतं की बाळांनो, इथला झोपा म्हणजे झोप नव्हे. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. बैल गेल्यावर मालकाला दार करायची बुद्धी सुचली, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या दारी बैल नाहीत. त्यांच्या जागी आधी स्कूटर आली, मग गाडी आली. दाराचा प्रश्न मात्र तोच राहिला. अंबरनाथच्या एका मैत्रिणीनं परवा विचारलं, "घराखाली गाडीपुरती खोली काढली आहे. शटर लावू, जाळी लावू, की साधं गेट? यांना तर बटणावर चालणारंच हवंय." तिला तोंडी जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. कारण या बाबतीतलं शहाणपण आमच्या घरी फार महाग पडून आलं.

आधी टेप, मग दार

फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याआधी स्वतः टेप घेऊन मोजा. बेताची गाडीसुद्धा दोन्ही आरशांसकट २ मीटरच्या आसपास जाते, म्हणजे ८ फुटांची मोकळी रुंदी हवीच. इथेच बायका फसतात. भिंत ते भिंत ८ फूट मोजतात, आणि मग शटरच्या पट्ट्या ज्या उभ्या खाचांतून सरकतात ते गाइड दोन्हीकडे मिळून अर्धा फूट खाऊन टाकतात. वर गुंडाळीलाही फूट-सव्वा फूट जागा लागते. ती सोडली नाही तर उंच गाडीचं टप घासतं.

दुसरं माप रस्त्याचं. उल्हासनगर पाहा. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकींच्या जागी मजले चढले, पण कितीतरी गल्ल्या अरुंदच राहिल्या. तिथे बाहेर उघडणारं गेट लावलं तर एक कवाड रिक्षाला लागेल आणि दुसरं शेजारणीच्या कुंडीला. अशा ठिकाणी वर जाणारं किंवा बाजूला सरकणारं दारच बरं. बदलापूरला ज्यांच्या घरापुढे थोडं अंगण आहे, त्यांना ही अडचण नाही.

कोणत्या दाराचा काय गुण

दोन कवाडांचं लोखंडी गेट सगळ्यांत साधं. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. बिजागरीला तेल आणि दर दोन वर्षांनी रंग एवढीच त्याची मागणी. मात्र ते उघडायला जागा लागते, आणि कवाडं जड असली की काही वर्षांनी बिजागऱ्या लोंबून गेट जमिनीला घासू लागतं. म्हणून दोन्हीकडे दोनच नव्हे, तीन-तीन बिजागऱ्या मागा.

चॅनेल गेट म्हणजे जुन्या लिफ्टला असायची तशी घडी होणारी जाळी. जागा कमी लागते, हवा खेळती राहते, कोण आलंय ते आतून दिसतं. पण पाऊस आणि धूळही आत येते. शिवाय त्या कात्रीसारख्या पट्ट्यांत लहान मुलांची बोटं सापडतात. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर उघड-मीट मोठ्यांनीच करायची, हा नियम पहिल्या दिवसापासून करा.

शटर आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय. ते बंद झालं की आतलं काही दिसत नाही आणि जागा मुळीच अडत नाही. घेताना पत्र्याचं गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा, नाहीतर '२० गेज' ऐकून आपण खूश होतो! १८ गेजचा पत्रा साधारण सव्वा मिलिमीटर जाड असतो; घराला तोच घ्यावा. आपल्याकडचा पाऊस आणि औद्योगिक पट्ट्यातली हवा, दोन्ही लोखंडाच्या मुळावर येतात. म्हणून जस्ताचा थर दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा थोडा महाग पडला तरी घ्या.

शटरचं खरं बळ वरच्या गुंडाळीतल्या स्प्रिंगांत असतं. ते वजन पेलतात म्हणून आपल्याला एवढा लोखंडी पडदा हातानं उचलता येतो. एक सोपी परीक्षा सांगते. शटर कमरेइतकं वर नेऊन हळूच हात सोडा, पण पाय आणि मुलं लांब ठेवून. ते साधारण जिथल्या तिथे राहिलं तर ठीक. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग बसली आहे असं समजा आणि त्याच दिवशी मिस्त्रीला बोलवा. घरच्या पुरुषमाणसांना स्प्रिंगला हात लावू देऊ नका. ती ताणलेली असते. सुटली तर हात मोडते.

आणखी एक गोष्ट पुरुष मिस्त्री कधीच सांगत नाहीत. ७ फूट वर गेलेल्या शटरची खालची पट्टी आपल्यासारख्या पाच फुटी बाईच्या हाताला येत नाही. तेव्हा आकडी लावलेली काठी शटरबरोबरच करून घ्या, नाहीतर रोज स्टूल लागेल.

बटणाचं दार आणि आमची जुलैतली रात्र

आता राहिलं यांना हवं असलेलं बटणाचं दार. आमच्याकडे ते होतं.

आमचं घर बदलापूर पश्चिमेला, नदीपासून फार लांब नाही. खाली गाडीची खोली, बाहेरून जिना, वर आम्ही. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांना जिना चढवेना. म्हणून गाडी बाहेर काढली आणि त्या खोलीत त्यांची खाट टाकली. मागच्या भिंतीला गजांची छोटी खिडकी होती, पंखा होता, मोरी होती. पुढे मोटारचं शटर. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. सासूबाईंना त्याचं केवढं कौतुक! वीज गेली तर हातानं फिरवायची एक लोखंडी दांडी मिस्त्रीनं दिली होती. मुलं तिच्याशी खेळतात म्हणून मी ती वरच्या मजल्यावर कपाटात ठेवून दिली.

२६ जुलै २०१९ ची रात्र. त्या रात्रीच्या पावसात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती आणि दुसऱ्या दिवशी हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या गल्लीत वीज गेली आणि पाठोपाठ पाणी आलं. आम्ही खाली धावलो तेव्हा शटरबाहेर पाणी गुडघ्याला लागत होतं. आतून सासूबाई शटर बडवत होत्या.

बटण मेलेलं. दांडी वर कपाटात. ती आणली तर लक्षात आलं की दांडी बसवायची जागा शटरच्या आतल्या बाजूला! हे पाण्यातून मागे गेले, गजांतून दांडी आत दिली आणि बॅटरीचा उजेड धरून सांगत राहिले, "आई, उजव्या हाताला भोक आहे, त्यात घाला. आता फिरवा." ज्या बाईला पाण्याची बादली उचलवत नव्हती ती अंधारात, घोटाभर पाण्यात उभी राहून लोखंडी दांडी फिरवत होती. दीड-दोन फूट शटर वर यायला किती वेळ लागला ते मी सांगू शकणार नाही. मला तो तासभर वाटला. हे खालून आत शिरले आणि त्यांना पाठुंगळी घेऊन बाहेर आले.

त्या रात्री मी कुणाला दोष दिला नाही. दांडी कपाटात ठेवणारी मीच होते.

पाण्याचा रेटा किती असतो याची आपल्याला कल्पना नसते. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला हिशेब करून दाखवला. बाहेर २ फूट पाणी आणि आत कोरडं असेल तर ८ फुटी बंद दारावर सुमारे साडेचारशे किलोचा दाब येतो. त्या दाबानं पट्ट्या गाइडमध्ये आवळून बसतात. आमच्याकडे पाणी फटींतून आत झिरपत होतं म्हणून दाब थोडा हलका झाला, एवढंच आमचं नशीब. २६ जुलै २००५, मग २०१९, मग पुन्हा जुलै २०२१. उल्हास नदीनं बदलापुरात किती वेळा घरं गाठली ते तिच्या काठच्या रमेशवाडी, हेंद्रेपाडा, वालिवलीच्या बायकांना विचारा. वालधुनीकाठच्या अंबरनाथ-उल्हासनगरकरांनाही हे नवं नाही. आपल्या भागात दार निवडताना पुराचा विचार हवाच.

मोटार वाईट असं माझं म्हणणं नाही. माझ्या वन्सं न्यू जर्सीला असतात. तिथे गाडीघराचं दार तुकड्या-तुकड्यांनी वर सरकत छताला जाऊन टेकतं, आणि तेही बटणावर. पण त्या देशात मुलं अशा दारांखाली सापडू लागली तेव्हा कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तिथे बनणाऱ्या घरगुती यंत्रांना, खाली कुणी आलं तर दार थांबून उलटं फिरावं अशी सोय सक्तीची आहे. शिवाय यंत्राला एक लाल मुठीची दोरी लोंबत असते. ती ओढली की मोटार सुटते आणि दार हातानं उचलता येतं. म्हणजे एवढ्या पुढारलेल्या देशातही शेवटचा भरवसा माणसाच्या हातावरच ठेवला आहे!

आणि खरं म्हणजे ८ बाय ७ फुटांच्या, जेमतेम सव्वापाच चौरस मीटरच्या शटरला मोटार लागतच नाही. साधारण ९-१० चौरस मीटरपर्यंतचं शटर चांगल्या स्प्रिंगांवर हातानं चालतं.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी

इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगला आपलं म्हणून शटर लावायचा विचार असेल तर जरा थांबा. रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली गाडीची जागा. खांबांमधली मोकळी जागा त्यात बसत नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की अशी जागा बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नाही. तेव्हा सोसायटीला आणि नगरपालिकेला विचारल्याशिवाय तिथे खिळासुद्धा ठोकू नका.

मैत्रिणीला दिलेलं उत्तर

मैत्रिणीला मी म्हटलं, रंग, पत्रा, भाव सगळं नंतर. आधी एवढ्या पाच गोष्टी विचार:

१. वीज नसताना हे दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडतं का? मोटार घेणारच असाल तर साखळी किंवा दांडी आत, दाराशेजारीच, हाताच्या उंचीवर टांगलेली हवी. बटणही जमिनीपासून चार फूट वर घ्या.

२. त्या खोलीला दुसरं, माणसापुरतं छोटं दार आहे का? नसेल तर तिथे कुणाला झोपवू नका, शिकवणीही घेऊ नका.

३. हवा कुठून येते? शटरच्या वरच्या भागात जाळीच्या पट्ट्या बसवता येतात. बंद खोलीत गाडी किंवा जनरेटर क्षणभरही चालू ठेवायचा नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

४. पाणी आलं तर ते दाराला दाबून धरेल, की आरपार निघून जाईल?

५. पावसाळ्याआधी तेल-ग्रीस कोण करणार? वर स्प्रिंगला ग्रीस हवं; गाइड मात्र नुसते पुसा, तिथे ग्रीस थापलं तर धूळ धरून शटर अडतं.

आमच्याकडे आता चॅनेल गेट आहे. पाऊस आत येतो, मांजरं येतात, दिसायलाही काही खास नाही. पण पाणी त्याला दाबून धरत नाही आणि माझी दहा वर्षांची मुलगी ते एका हातानं सरकवते. कुलपाची किल्ली आतल्या बाजूला खिळ्याला असते, तीही बाहेरून हात पोचणार नाही इतकी लांब. सासूबाईंची खाट वर आहे. जिना चढवायला आम्ही दोघं त्यांना हात देतो.

त्या मूळच्या मुरबाडकडच्या. पूर ओसरल्यावर चिखल काढताना म्हणाल्या, "आमच्या गोठ्याचा झोपा होता ना, गाय शिंगानं लोटून बाहेर यायची. मी मेली गाईच्यावरून गेले होय गं?" सगळे हसलो. मी हसता हसता आत जाऊन डोळे पुसले.

तेव्हा मैत्रिणींनो, दार कोणतंही लावा, पण एक करा. एखाद्या संध्याकाळी घरातला मेन स्विच बंद करा आणि तुमच्या घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला सांगा, "आतून दार उघडून दाखवा बघू." त्यांना उघडता आलं तर तुमचं दार योग्य. नाही आलं, तर पाऊस यायच्या आत मिस्त्रीला बोलवा.