कपाटांना रंग नको

ग्रंथालयातली सागवानी कपाटे यंदा पुन्हा तपकिरी ऑइलपेंटने रंगवायची ठरली आहेत म्हणे. परवा एका दाराचा टवका उडाला तेव्हा आतले थर दिसले. तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा तपकिरी, आणि तळाशी सागाच्या सोनेरी रेषा. असले लाकूड झाकून टाकण्याला देखभाल म्हणायचे काय?

माझे वडील पॉलिशकाम करतात, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. जुना रंग रिमूव्हर लावून, ओला असतानाच खरवडावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्याची धूळ नाकात जाता कामा नये. मग काचकागदाने रेषांच्या दिशेने घासून नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ तीन-चार थर द्यावेत. खर्च अधिक, मेहनत तर फारच. थिनरचा वास डोक्यात बसतो. खिडक्या उघड्या आणि विडीकाडी दूर ठेवावी लागते. पण लॅकरचा नवा थर जुन्याला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. पुढे ओरखडा उठला तर तेवढीच जागा दुरुस्त होते. ऑइलपेंटचे थर मात्र एकावर एक साचत जातात नि दार चौकटीत मावेनासे होते. आपली दोन दारे आजही लाथ मारल्याशिवाय लागत नाहीत!

फक्त हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो आणि दोष कारागिराच्या माथी येतो. वडिलांच्या माथी तो एकदा आला आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तके हलवायला आम्ही तृतीय वर्षाचे पंधरा जण तयार आहोत.