शेतात अजगर आढळल्यास

उसाची तोड शेवटच्या पट्ट्यापर्यंत आली, की कधीकधी अजगर निघाल्याची हाकाटी उठते. माणसे काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावतात व घटकाभरात एक बिनविषारी जीव नाहक मारला जातो. आमच्या मते, शेतकऱ्याने आपल्याच हातांनी आपल्या पिकाचा राखणदार मारण्यासारखे हे आहे.

अजगर भक्ष्याला विळखा घालून त्याचे रक्ताभिसरण थांबवितो आणि मग ते सबंध गिळतो. ओठांवरील खाचांमुळे उष्ण रक्ताच्या प्राण्यांची ऊब त्याला अंधारातही जाणवते. उंदीर, घुशी, ससे व पक्षी हे त्याचे खाद्य होय. मादी उन्हाळ्याच्या सुमारास अंडी घालते, त्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते आणि अंगाचे स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. अशी मादी मारली गेली, तर तिच्याबरोबर सारी वीणच नष्ट होण्याचा संभव असतो.

अजगर क्वचित कोंबडी किंवा करडू नेतो, हे खरे आहे. आणि गरीब कुटुंबाला ते नुकसान थोडे नव्हे. परंतु त्यावर उपाय कुऱ्हाडीचा नाही. खुराड्याला बारीक जाळी लावावी व करडे रात्री बंदिस्त जागेत ठेवावीत. एका कोंबडीचा हिशेब मांडणाऱ्याने उंदीर-घुशींनी फस्त केलेल्या धान्याचाही हिशेब मांडावा.

मात्र कोणीही त्याला हात लावण्याचे धाडस करू नये. मोठ्या अजगराचा चावा जखम करतो. शिवाय, अजगराचे पिल्लू समजून माणसे अतिविषारी घोणस उचलतात आणि प्राणास मुकतात. भक्ष्य गिळून सुस्तावलेल्या अजगरास डिवचल्यास तो ते ओकून टाकतो. म्हणून त्याला ओढू नये, की त्याच्याभोवती गर्दी करू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अजगरास सर्वोच्च संरक्षण दिले असून त्याची हत्या हा कारावासास पात्र असा गुन्हा आहे. पण केवळ शिक्षेच्या भयाने हे काम होणार नाही. हाकाटी ऐकताच ग्रामसेवकांनी प्रथम शेतावर पोहोचावे, तोड थांबवून जमाव दूर करावा आणि वनखात्यास कळवावे. अजगरास वाट मोकळी मिळाली, तर पुष्कळदा तो आपण होऊनच निघून जातो. तेवढा वेळ धीर धरणे, एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे.