एनसीसीचे मैदान आपण कोणासाठी सोडले आहे?

परभणीच्या कॉलेजांत प्रथम वर्षाचे प्रवेश संपत आले की नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. एनसीसीची निवड अमुक तारखेला, सकाळी मैदानावर हजर राहावे. ज्याच्या घरात मोठा भाऊ कॉलेज शिकलेला आहे त्याला हा कागद लागायच्या आधीच ठाऊक असतो. पालम, सोनपेठ, जिंतूरच्या वस्तीतून आलेला आपला मुलगा त्याच आठवड्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म आणि वसतिगृहाची यादी यांच्यामागे रांगेत उभा असतो. त्याला एनसीसी आठवते ती दुसऱ्या वर्षी. तोवर गाडी सुटलेली असते. पदवी तीन वर्षांची आणि सी प्रमाणपत्राचा प्रवासही तीन वर्षांचा.

हा झाला माहितीचा प्रश्न. पण आपल्या चळवळीतल्या तरुणांत एक वैचारिक अडचणही आहे. काही कार्यकर्ते म्हणतात, एनसीसी म्हणजे सॅल्यूट ठोकायला शिकवणारी शाळा. पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभे करायचे, प्रश्न विचारायची सवय मोडायची. शिवाय ज्या खाकीने वस्तीत लाठी चालवली तीच खाकी आपण अंगावर का घालायची?

हा प्रश्न परभणीत हवेतला नाही. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. ज्या शहराने हे पाहिले, तिथल्या तरुणाला वर्दीची चीड येणे स्वाभाविक आहे. मात्र चीड आली म्हणून मैदान सोडायचे का, याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे.

आपल्याला लष्करात घ्या म्हणून आपल्या पूर्वजांना अर्ज करावे लागले आहेत. दर १ जानेवारीला आपण कोरेगावच्या विजयस्तंभाला सलामी देतो. ज्या इंग्रजांच्या फौजेत ते शूर लढले, त्याच इंग्रजांनी पुढे 'लढाऊ जाती'चा सिद्धांत काढला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुढे लावून धरली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. गरज असली की घ्यायचे, गरज सरली की हाकलायचे. बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

बाबासाहेबांनी एवढा आग्रह का धरला? त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. गावच्या शाळेत ज्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता, त्यांच्या पोरांना छावणीत अक्षरओळख होत होती. बंदुकीइतकीच पाटीही लष्कराने दिली. भरती बंद झाली तेव्हा पगार, पेन्शन आणि शिक्षण या तिन्ही वाटा एकदम बुजल्या. दुसऱ्या बाजूलाही हे कळत होते. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशकात भोसला मिलिटरी स्कूल काढले ते उगाच नव्हे. प्रशिक्षणाचे मोल त्यांना कळले होते. आपणच ते विसरायचे का?

आता व्यवहाराचे बोलू. एनसीसी १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये ती कॉलेजात सक्तीची झाली, १९६८ मध्ये ऐच्छिक झाली आणि १९६९ पासून एनएसएस सुरू झाली. कॅडेट झाल्याने सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन नाही, हे त्या कायद्यातच आहे. दुसऱ्या वर्षी बी आणि तिसऱ्या वर्षी सी प्रमाणपत्राची परीक्षा होते. त्यासाठी परेडची हजेरी आणि कॅम्प लागतात. केंद्रीय दलांच्या जीडी कॉन्स्टेबल भरतीत सी प्रमाणपत्राला ५ टक्के, बीला ३ टक्के आणि एला २ टक्के बोनस गुण आहेत. एकेका गुणावर यादी तुटते तिथे ५ टक्के म्हणजे काय, हे पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक पोराला कळते.

याहून मोठी वाट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. पदवीला ५० टक्के आणि सी प्रमाणपत्रात किमान बी ग्रेड असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून सेनेत अधिकारी होता येते. लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबीची मुलाखत. मुलींनाही ही वाट खुली आहे. अग्निपथमध्ये चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार आणि बाकीचे घरी परतणार, अशा काळात आपली पोरे फक्त शिपायाच्याच रांगेत का उभी करायची? हुकूम ऐकणाऱ्यांत आपण पिढ्यान् पिढ्या होतो. हुकूम देणाऱ्या खुर्चीत किती आहोत, हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. आरक्षणाच्या लढाईत आपण जो प्रश्न विचारतो, तोच हा आहे.

याचा अर्थ एनसीसी म्हणजे चळवळ असा नाही. एनसीसीचे ब्रीद 'एकता आणि अनुशासन' आहे. अनुशासन कशासाठी, हे मात्र तिथे कोणी शिकवत नाही. ते समता सैनिक दलाने शिकवले. महाडच्या लढ्याच्या काळात उभे राहिलेले हे दल कवायत करत होते ते पाण्याच्या आणि माणुसकीच्या हक्कासाठी. म्हणून सकाळी परेड आणि संध्याकाळी अभ्यासवर्ग, दोन्ही हवे. नुसती परेड केली तर आज्ञाधारक नोकर तयार होईल. नुसते भाषण केले तर दमसास नसलेला कार्यकर्ता तयार होईल.

मग करायचे काय? पहिले, प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक कॉलेजच्या गेटवर आपल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी टेबल लावावे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसोबत एनसीसीच्या निवडीची तारीखही सांगावी. दुसरे, निवड कशी झाली आणि अंडर ऑफिसरची रँक कोणत्या निकषावर दिली, हे प्राचार्यांना लेखी विचारावे. जात मैदानावर दिसत नाही, ती रँकच्या यादीत दिसते. तिसरे, एसटीने अपडाऊन करणाऱ्या मुलामुलींसाठी परेडच्या दिवशी वसतिगृहात सोय मागावी. बसअभावी हजेरी बुडते आणि हजेरीअभावी परीक्षा बुडते. चौथे आणि सगळ्यात महत्त्वाचे, आंदोलनात विद्यार्थ्यांवर दाखल झालेले गुन्हे मागे घेण्याची मागणी लावून धरावी. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. संविधानासाठी रस्त्यावर उतरलेल्या पोराची फाईल तिथेच अडकते. ज्याने संविधानाचा अपमान सहन केला नाही, त्याच्यापेक्षा त्या संविधानाची शपथ घ्यायला लायक दुसरा कोण?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपल्याला पाठ आहे. या जूनमध्ये कॉलेजात जाणाऱ्या आपल्या धाकट्या भावंडांना एवढेच सांगा: नोटीस बोर्ड वाचा, बूट घाला आणि मैदानावर जा. ते मैदान आपल्याही बापाच्या घामातून भरलेल्या करावर उभे आहे.

जय भीम!